दोन रायफली, एक फडकं

बंदूकदुरुस्तीत म्हाताऱ्याचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे. लेक अकरा वर्षं शेजारच्या टेबलावर काम करत होती. पण तिनं दुरुस्त केलेली एकही रायफल त्यानं तपासल्याशिवाय दुकानाबाहेर गेली नव्हती. गिऱ्हाईकं पावती तिच्याकडून घेत आणि खात्री त्याच्याकडून. तिला ते बोचायचं. एक, फक्त एक रायफल आपल्या भरवशावर जावी, एवढंच तिला हवं होतं.

ड्रिलच्या बाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, नेमबाजीतून नाही. त्यांच्या जुन्या रायफलीच्या मागेपुढे सरकणाऱ्या बोल्टवरची, झाडलेलं काडतूस ओढून बाहेर काढणारी आकडी तुटली होती आणि स्पर्धा रविवारवर आलेली. ती बनवणारा कारखाना बंद पडून तर जमाना लोटलेला. लेकीनं चार शहरांतल्या दुकानदारांचं फोन करकरून डोकं उठवलं, तेव्हा कुठे त्याच मॉडेलची आकडी आली. कोरी, तेलकट कागदात गुंडाळलेली.

ती काही बसेना.

"कानस मार जरा," म्हातारा म्हणाला. "जुन्या मालाला लाडीगोडी लावावी लागते."

"बाबा, नखभर लांब आहे. एवढी घासली तर आकडी कसली, टाचणी उरेल."

"मग दुकानदारानं टोपी घातली तुला."

तिला ते पटेना. तिनं बोल्ट पुसला आणि त्याच्या दांड्याखाली भिंग धरलं. तिथे ठोकलेल्या नंबराचा शेवट बारा. रायफलीच्या अंगावरच्या नंबराचा सत्तेचाळीस. बोल्ट या रायफलीचा नव्हताच! परक्या घरी बिनबोभाट नांदत होता.

"ही याआधी कोणी उघडली होती?"

म्हाताऱ्यानं भिंग घेतलं, दोनदा पाहिलं आणि स्टुलावर बसला.

"मीच. तीस वर्षं झाली. बाईंची आणि त्यांच्या थोरल्या बहिणीची, दिसायला सारखीच पण आधीच्या मॉडेलची, दोन्ही एका दिवशी साफ केल्या. एकाच फडक्यावर."

एका फडक्यावर एकच रायफल, हा धडा त्यानंच लेकीकडून घोकून घेतला होता. तिला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

बहीण वारल्यापासून तिची रायफल बाईंच्याच कपाटात कुलूपबंद होती. लेकीनं ती मागवून घेतली. बोल्टवर सत्तेचाळीस, आकडी शाबूत. काखेत कळसा आणि चार शहरांना वळसा! तिनं बोल्ट मूळच्या रायफलीत घातला आणि मापं लावून तीनदा तपासला.

शनिवारी बाई आल्या. वडिलांची चूक गिऱ्हाइकासमोर काढायची नाही, असं लेकीनं ठरवलं होतं. "बोल्ट बदललाय," एवढंच ती म्हणाली.

बाई म्हाताऱ्याकडे वळल्या. "मिस्त्री, तुम्ही एकदा नजर टाका. तुमचा हात लागला की मी निर्धास्त."

लेक सवयीनं बाजूला सरकली. म्हाताऱ्यानं दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"बाई, माझाच हात लागला होता, म्हणून तर तीस वर्षं तुम्ही बहिणीच्या बोल्टनं गोळ्या झाडल्यात. परका बोल्ट कधी तोंडावर उडेल सांगता येत नाही; धडधाकट राहिलात हे तुमचं नशीब. चूक माझी, पकडली माझ्या लेकीनं." छाती अशी फुगलेली, की चूक नव्हे, पदकच मिरवतोय.

बाई गोंधळल्या. "मग आता तपासणार कोण?"

"तपासून झालीय," म्हातारा म्हणाला.