माझ्या बुडातला बाक

मी एक जुना टोप आहे. खरं सांगायचं तर जुना म्हणवून घेण्याइतकं माझं वयही नाही, मला जेमतेम चार वर्षं झाली. चांगल्या टोपाला चार वर्षांत काही होत नाही. मी मात्र पहिल्या चार महिन्यांतच बिघडलो आणि त्यापायी एका म्हाताऱ्या बाईला स्वतःचं घर सोडून जावं लागलं. मित्रांनो, तुम्ही भांड्याकुंड्यांच्या गोष्टी हौसेने ऐकता, म्हणून माझीही सांगतो. ऐकून तुम्ही मला शाबासकी द्याल अशी माझी अपेक्षा नाही.

माझा जन्म पत्र्याच्या शेडमधल्या एका कारखान्यात झाला. स्टीलचा पातळ पत्रा यंत्राखाली गेला, एक दणका बसला आणि मला आकार आला. पण इंडक्शनच्या शेगडीवर माझ्यासारखा नुसता पत्रा तापत नाही. तिला लोहचुंबक चिकटेल असा तळ लागतो. म्हणून माझ्या बुडाला खालून तशा धातूची चकती दाबून बसवली. ती चकती बुडाएवढी रुंद आणि चांगली जाड असायला हवी होती. माझी होती तळहाताएवढी, आणि पापडासारखी पातळ. मग मला फिरत्या चाकावर घासून घासून असं चमकवलं, की बघणाऱ्याची नजर बुडाकडे जाऊच नये.

शेवटच्या टेबलावर तपासणीला एक बाई बसत. त्या प्रत्येक टोप गुळगुळीत दगडावर ठेवून खाली वाकून बघत. मला ठेवल्यावर त्या म्हणाल्या, “साहेब, याच्या बुडाखालून उजेड दिसतोय.”

“केसाएवढा तर आहे. चमकतोय ना? लावा स्टिकर,” साहेब म्हणाले.

माझ्या पोटावर स्टिकर लागला, ‘इंडक्शनवर चालतो’. ते काही खोटं नव्हतं. मी चालत होतो. किती दिवस चालेन हे मात्र त्यावर लिहिलेलं नव्हतं. आणि मित्रांनो, मी मनातून खूश झालो होतो, हे कबूल करायलाच हवं.

दुकानात मला ज्याने उचललं, तो फरशा बसवणारा कारागीर होता. त्याच्या घरी तीनच माणसं. तो, घरीच शिवणकाम करणारी त्याची बायको, आणि आत्या. त्याची आई तो लहान असतानाच गेली होती. ह्या आत्यानेच त्याला वाढवलं, चालायला शिकवलं, नाकसुद्धा तिनेच पुसलं. नुकतीच ही मंडळी नव्या इमारतीत राहायला आली होती. तिथे गॅस नव्हता. ओट्यात काचेची इंडक्शन शेगडी बसवलेली होती. आत्याची जुनी जाड ॲल्युमिनियमची भांडी तिच्यावर ठेवली की शेगडी नुसती टीं टीं ओरडायची आणि गप्प बसायची. ती भांडी देऊन टाकावी लागली.

नवं भांडं आणायच्या दिवशी आत्या पायांत चपला सरकवून दाराशी तयार उभी होती. “मी येते तुझ्याबरोबर. भांडं हातात घेतल्याशिवाय कळत नाही.”

“अगं आत्या, एक टोप तर आणायचाय. त्यात बघायचं काय? उगाच गुडघे दुखवून घेशील.”

हे बोलणं मला नंतर कळलं. मी पाहिलं ते एवढंच, की तो एकटा आला आणि घाईत आला. माझ्या शेजारी एक मळकट रंगाचा, जाडजूड, रुंद बुडाचा टोप होता. त्याने तो उचलला, वजन बघितलं आणि परत ठेवला. “हा आत्याला जड होईल,” असं स्वतःशीच पुटपुटून त्याने मला घेतलं. त्याला मी दोष देत नाही. त्याने मला मायेपोटीच निवडलं होतं.

पहिले काही महिने माझं फार कौतुक झालं. शेजारीण म्हणाली, “आरसाच आणलात की हो!” आत्या मला राखेने कधी घासत नसे, मऊ कापडानेच पुसत असे. तिच्या हाताला खसखशीसारखे बारीक डाग होते आणि तो हात मला फार आवडायचा.

मग एके दिवशी सकाळी त्या कारागिराला स्वतःचा चहा करायचा होता. त्याने मला रिकामंच शेगडीवर ठेवलं, आच सगळ्यात मोठी केली, आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो बोलत बोलत बाहेरच्या खोलीत गेला. जाड बुडाच्या टोपाने ते सोसलं असतं. माझा मात्र टक्कन आवाज झाला आणि माझं बूड खालच्या बाजूला फुगलं. तो धावत आला, माझ्यात भसकन गार पाणी ओतलं. फूत्कार झाला, वाफ उठली. त्याने चहा केला, प्यायला आणि कामावर गेला. जे झालं ते त्याच्या लक्षातही राहिलं नाही.

त्या दिवसापासून मी काचेवर नीट बसेनासा झालो. जरा चमचा लागला की भोवऱ्यासारखा गरकन फिरायचो. बोटभर सरकलो की माझी चिमुकली चकती शेगडीच्या वर्तुळाबाहेर जायची आणि शेगडी टीं टीं करून बंद पडायची. बटाटे अर्धे कच्चे राहायचे. दूध मधोमध करपायचं. आणि दर वेळी ठपका आत्यावर यायचा.

“आत्या, तू बटणच दाबलं नसशील.”

“दाबलं रे. दोनदा दाबलं.”

“मग आपोआप बंद झाली का?”

ती पुन्हा बटण दाबायची. उत्तर माझ्याकडे होतं, पण मला सांगता येत नव्हतं. तिने भाचेसुनेकडून एक कागद लिहून घेतला, आधी कुठलं बटण, मग कुठलं, आणि तो भिंतीला चिकटवला. स्वयंपाक करताना ती त्यावर बोट ठेवून वाचायची, शाळेतल्या मुलीसारखी. “आता तिला झेपत नाही,” असं तो एकदा हळूच बायकोला म्हणाला. ते हळू बोलणंही आत्याने ऐकलं. माझ्यावर फिरणारा तिचा हात क्षणभर थांबला, एवढंच मला कळलं.

मग ती दुपार आली. मी उकळत्या पाण्याने काठोकाठ भरलेला होतो. भाचेसून झाकण काढायला पुढे झाली, आत्याने मला धरायला हात लावला आणि मी फिरलो, कललो. अर्धं पाणी भाचेसुनेच्या उजव्या हातावर गेलं. तिची ती किंकाळी मी अजून विसरलेलो नाही. मनगटापासून कोपरापर्यंत फोड आले. तीन आठवडे शिवणयंत्रावर कापड झाकून ठेवावं लागलं. तरी ती बिचारी म्हणत राहिली, “चुकून झालं, आत्या. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका.”

कारागीर मात्र घरी आला तो संतापूनच. “होत नाही तर करू नकोस ना! आज हिचा हात भाजलास, उद्या घर पेटवशील.”

चौथ्या दिवशी आत्याने पिशवी भरली. धाकट्या बहिणीला सोबत होईल, असं म्हणून ती निघाली. निघण्याआधी स्वयंपाकघरात येऊन तिने मला घासलं, पुसलं, फळीवर ठेवलं, आणि भाचेसुनेला म्हणाली, “टोप चांगला आहे हो. माझाच हात आता कापतो.”

मित्रांनो, शिव्या दिल्या असत्या तर मला इतकं लागलं नसतं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी कारागीर स्वतः ओट्याशी उभा राहिला, कारण बायकोच्या हाताला पट्टी होती. त्याने माझ्यात बटाटे घातले, पाणी घातलं, बटण दाबलं. मी फिरलो. त्याने सरळ केलं. मी सरकलो, आणि टीं टीं! शेगडी बंद.

“अरेच्चा! मी तर बरोबर दाबलं होतं.”

“आत्याही हेच म्हणायच्या,” दारातून बायको म्हणाली.

त्याने पाणी ओतून दिलं, मला उपडं केलं, कामाच्या पिशवीतून आपली सरळ पट्टी काढली आणि माझ्या बुडावर आडवी धरली. मध्ये फुगवटा, दोन्ही बाजूंनी उजेड. पट्टी झोपाळ्यासारखी डुलली.

“लोकांच्या घरची फरशी काडीभर वर आली तरी मी उखडून पुन्हा बसवतो,” तो म्हणाला, “आणि घरातलं हे मला दिसलं नाही.” तो तिथेच ओट्याला टेकून खाली बसला. रिकामा टोप, मोठी आच, फोन, सगळं त्याला एकदम आठवलं असावं, कारण त्याने माझ्याकडे बघून डोळे मिटून घेतले.

त्याच दिवशी मला पिशवीत घालून तो धाकट्या आत्याकडे, म्हणजे आत्याच्या त्या बहिणीकडे गेला. आत्या मटार सोलत बसली होती. त्याने मला तिच्यासमोर फरशीवर ठेवलं आणि एका बोटाने ढकललं. मी गरगर फिरलो. तेवढं फिरणं मी आयुष्यात पहिल्यांदा मनापासून फिरलो.

“बघ आत्या. तुझा हात नव्हता चुकला. घाईत आणला मी. रिकामा तापवून बिघडवलाही मीच. आणि बोललो मात्र तुला.”

आत्या माझ्याकडे बघत राहिली. मी थांबलो तेव्हा म्हणाली, “मला वाटलं, माझं डोकंच जायला लागलंय. रोज उठले की आधी सगळ्यांची नावं म्हणून बघायचे, वाढदिवस आठवून बघायचे. कुठवर विसरलेय ते कळावं म्हणून.”

त्याला रडू फुटलं. तिने मटाराच्या हातानेच त्याचं डोकं थोपटलं आणि जरा वेळाने म्हणाली, “येईन मी. पण टोप मी निवडणार.”

दुकानात ती बहिणीच्या फ्रिजवरचं लोहचुंबक घेऊनच गेली. मी कारागिराच्या काखेत होतो. प्रत्येक टोप उपडा करून तिने बुडाच्या मधोमध आणि अगदी कडेपर्यंत चुंबक लावून पाहिलं. काचेच्या काउंटरवर ठेवून डोळा त्याच्या पातळीला आणला. कान पक्क्या खिळ्यांनी जोडलेत का, हे हलवून बघितलं. मग पाणी मागितलं, टोप भरला आणि दोन्ही हातांनी उचलून पाहिला.

“आजी, टोप घ्यायचाय की जावई शोधताय?” दुकानदार वैतागून म्हणाला.

“जावयाला रोज विस्तवावर ठेवायचं नसतं रे,” आत्या म्हणाली.

तिने जाड बुडाचा, दोन मोठ्या कानांचा, बिनचमकीचा टोप घेतला. जड होता, पण दोन्ही हातांत वजन वाटलं जायचं. कारागिराने तो घरापर्यंत वाहून नेला.

मला त्यांनी टाकून दिलं नाही. फरशांच्या फटी भरायचा लगदा आता तो माझ्यात कालवतो. माझी सगळी चमक गेली, त्याचं मला काही वाटत नाही. काम नसेल तेव्हा मी गॅलरीत, स्वयंपाकघराच्या खिडकीलगतच्या कट्ट्यावर असतो. तिथून आत दिसतं. नवा टोप शेगडीवर ठाण मांडून बसतो, तसूभर हलत नाही. तरीही आत्या त्याच्या काठावर एक बोट दाबून बघते. बटण दाबते आणि विचारते, “लागली ना गं?” शिवणयंत्राशी बसलेली भाचेसून म्हणते, “लागली, आत्या.” रोज, दर वेळी. भाचेसुनेच्या हातावरचा डाग आता फिकट झालाय. आत्याचं हे विचारणं मात्र गेलेलं नाही.

मित्रांनो, भांडं घ्याल तेव्हा त्याच्या चमकीवर भुलू नका. ते उलटं करून त्याचं बूड बघा, हातात घेऊन वजन बघा, आणि ज्याला ते रोज वापरायचंय त्याला बरोबर न्या. ते रिकामं तापवू नका, तापलं तर त्यात गार पाणी ओतू नका. आणि कधी तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातून काही सांडलं, तर त्यांना बोलण्याआधी एकदा ती वस्तू तपासून बघा. दोष वस्तूचा निघाला, तर तसं त्यांना मोठ्याने सांगा. मला सांगायचं होतं, पण सांगता आलं नाही.