एका बटणाचा रेडिओ

मित्रांनो, मी एक जुना रेडिओ आहे आणि मला बटण एकच आहे, आवाज लहानमोठा करायचं. स्टेशन बदलायची सोय नाही, कारण स्टेशनच एक होतं. सोव्हिएत रशियातल्या यारोस्लाव्ल शहरात घरोघरी स्वयंपाकघराच्या भिंतीतून एक तार यायची आणि तिच्या टोकाला माझा एखादा भाऊ टांगलेला असायचा. पहाटे राष्ट्रगीत, मग गव्हाचं विक्रमी पीक. हा गहू दुकानात का दिसत नाही, ते सांगणं माझ्या कामात बसत नव्हतं.

आमच्या घरात तिघं होती. सावेली लुकिच, निवृत्त फोरमन आणि कम्युनिस्ट पार्टीचे जुने सभासद. त्यांची मुलगी तमारा. आणि जावई रोदिओन. त्याला सरकारबद्दल काही बोलायचं असलं की तो आधी माझं बटण पूर्ण पिळायचा. शेजाऱ्यानं भिंतीला कान लावलाच, तर त्याला फक्त गहू ऐकू यावा! माझं खरं काम हेच होतं: दुसऱ्याचं बोलणं झाकणं. आणि ते मी चोख करत असे.

मग पार्टीचे, म्हणजे देशाचेच, नवे सरचिटणीस आले. ते हातात कागद न घेता बोलायचे. रोदिओननं मला पहिल्यांदाच ऐकण्यासाठी मोठं केलं.

"आमचं चुकलं, असं म्हणाला! ऐकलंत, सासरेबुवा?"

"मी बहिरा नाही."

"मी पार्टीत अर्ज करतोय."

सावेली लुकिचनी चमचा खाली ठेवला. "इतकी वर्षं मी मागे लागलो, तेव्हा नाक मुरडत होतास."

"आता खरं बोलतायत ना!"

"खरं बोलायला पार्टी कशाला लागते?"

मित्रांनो, मान्य करावं लागेल, त्या माणसानं सरकारला ऐकणारे मिळवून दिले. वाईट एवढंच झालं की लोक खरोखरच ऐकू लागले.

आधी त्यानं दारूवर बंधनं आणली. लोकांनी घरोघरी साखरेची दारू गाळली आणि बाजारातली साखर गायब झाली. ऑगस्टमध्ये टेबलावर पातेलंभर रास्पबेरी आणि साखरेचा कण नाही.

"पितात दुसरे, शिक्षा माझ्या मुरंब्याला!" सावेली लुकिच कडाडले.

"सुधारणेला वेळ लागतो."

"मग रास्पबेरीला सांग थांबायला."

पुढे मी सरकारच्या बंद कपाटांतलं सांगू लागलो. कोणाला विनाकारण गोळ्या घातल्या, कुठलं विक्रमी पीक उगवलंच नव्हतं. एके दिवशी सावेली लुकिच माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"तूच सांगितलंस ना पिकाचं? याच भिंतीवरून! ते खोटं होतं, तर हे कशावरून खरं?"

तार तीच होती.

रोदिओन आता खिडकी उघडी टाकून वाटेल ते बोलायचा. माझी गरजच उरली नाही. शेवटी एका डिसेंबरात मीच बातमी दिली की सरचिटणीस पायउतार झाले आणि देशही संपला.

"गेला तुमचा सरचिटणीस!" रोदिओन म्हणाला.

"माझा? अर्ज तू केला होतास."

सावेली लुकिच मासे कापायची कात्री घेऊन स्टुलावर चढले. "खोट्यावर उभं होतं, खऱ्यानं पडलं. बस आता गप्प!" असं म्हणून त्यांनी माझी तार कापली. ते मला म्हणाले की जावयाला, ते मला अजून कळलेलं नाही.

सावेली लुकिच आता नाहीत. रोदिओनला टक्कल पडलंय. माझ्यामागे भिंतीवर डाग आहे, म्हणून मला काढलं नाही, एवढंच.

परवा रोदिओन बाहेरून आला. कित्येक वर्षांनी त्यानं खिडकी लावून घेतली. "तमारा, ऐक," असं हळू आवाजात म्हणाला आणि त्याचा हात आपसूक माझ्या बटणाकडे गेला. त्यानं ते पूर्ण पिळलं. मी मुका. मग तमारानं उठून नळ धो धो सोडला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवरची धूळ पुसत जा, असं सांगायची आम्हा जुन्या वस्तूंत पद्धत आहे. धूळ राहू द्या. तार तेवढी जपा. नळाला पाणी नेहमीच असतं असं नाही.