शीतल चंद्र

गिरगावातल्या चाळीत श्यामकांतांसमोर कुणी ‘शीतल चंद्र’ म्हटलं, की त्याचा तास तरी गेलाच म्हणून समजावं. आयुष्यभर कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवलेला माणूस. ते बोलणाऱ्याला धरून बसवत आणि सांगत, "शीतल? अहो, जन्मला तेव्हा तो वितळलेल्या दगडाचा समुद्र होता!"

म्हणूनच त्यांच्या तेराव्याच्या फ्लेक्सचा मजकूर वाचताच त्यांची मुलगी देविका म्हणाली, "विनीत, ‘चंद्रासारखे शीतल’ हे काढ. बाकी काहीही ठेव, पण तेवढं नको."

विनीत वॉर्डातला कार्यकर्ता. कुणी गेलं की घरच्यांच्या आधी त्याचा फ्लेक्स तयार. "मग ‘तप्त’ टाकू, ताई? तेराव्याला बरं दिसत नाही ते."

"काहीच टाकू नकोस."

सकाळी फाटकावर फ्लेक्स झळकला. वर हात जोडलेले आठ नेते, त्यातले दोघे तर चक्क हसत होते. तळाला पासपोर्टएवढे बाबा. शेजारी ठळक अक्षरांत: ‘चंद्रासारखे थंड व्यक्तिमत्त्व हरपले’.

"थंड?" नलूआत्या हादरली. "अरे, स्मशानात पोचवून आलोय आम्ही! तो थंड झालाय हे आम्हाला माहीत नाही होय?"

"‘शीतल’ हा शब्द ताईंना जड वाटला ना," विनीत म्हणाला, "म्हणून सोपं केलं."

देविकाला हसू आलं. आता विनीतला बाबांनीच धरून बसवायला हवं होतं. ते नव्हते.

"बस," ती म्हणाली.

विनीत पायरीवर बसला. तिने सांगितलं, अगदी बाबा सांगायचे तसं: साडेचार अब्ज वर्षांपूर्वी अख्खा चंद्र उकळत होता. निवू लागला तशी जड खनिजं तळाला बसली. हलकी होती ती तरंगत वर आली, दुधावर साय धरावी तशी. त्यांचंच कवच झालं. आपल्याला दिसतो तो पांढरा चंद्र म्हणजे हेच वर आलेले हलके.

विनीतने मान वर करून फ्लेक्सकडे पाहिलं. मग इकडे तिकडे.

"ताई, हे शोकसभेत नका हां बोलू. साहेब येणारेत."

देविका घरात गेली. बाबांच्या सलाईनसाठी आणलेली पांढरी चिकटपट्टी उरली होती. तिने ती ‘थंड’वर नीट दाबून बसवली.

"आणि वरचे?" विनीतने हळूच विचारलं.

"राहू देत. कवच असंच बनतं."