गरम बटाट्याचा रक्तदाब

आमच्या घरातला शेवटचा साधा दिवस. सकाळी आईने नेहमीसारखी रक्तदाबाची गोळी घेतली, माझ्या चहाला नावं ठेवली आणि संध्याकाळी मावशीबरोबर रोग बरे करण्याचा दावा करणाऱ्या तरंगबाबांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. तिला परत न्यायला म्हणून मीही गेले.

सभागृहात काळोख, समोर भिंतीवर लाल प्रकाशाची वलयं. आईने काळ्या पेटीच्या भोकात हात घातला मात्र, वलयं वळवळू लागली. गर्दी पुढे झुकली.

"रक्त खवळलंय, माउली!" बाबा गरजले. मग मंतरलेल्या गार पाण्यात आईचा हात बराच वेळ बुडवून ठेवला, पुसला, पुन्हा पेटीत. वलयं जागच्या जागी. "गेला रक्तदाब! गोळ्यांची गुलामी संपली!"

टाळ्या थांबेनात. घरी येताना मी चिडले, तर आई हसली.

"अगं, हीच वलयं तुझ्या प्रयोगशाळेत पाहिली मी. तूच म्हणालीस, केसाच्या हजाराव्या भागाएवढा फरकही यांच्यापासून लपत नाही. मग बाबांकडे आल्यावर ती खोटी कशी होतील?"

वलयं खोटी नव्हतीच. पण ती रक्तदाब मोजत नव्हती. हे मी तिला परोपरीने सांगितलं, ती ऐकेना. सकाळची ती गोळी शेवटची ठरली. पंधरवड्यात मेंदूत रक्तस्राव झाला आणि आई गेली. भेटायला येणारे म्हणत, "वेळ भरली होती." मी पाणी आणून देई.

आता मावशीची पाळी होती. तिला इन्सुलिन सोडायचं होतं. मी तिच्याबरोबर गेले, पर्समध्ये रुमालात गुंडाळलेला गरमागरम उकडलेला बटाटा घेऊन.

मावशीचा हात पेटीकडे जाण्याआधी मी बटाटा भोकात ठेवला. भिंतीवर नुसता धुमाकूळ!

"बघा, बघा! साखरेचं वादळ!" पेटीत हात नाही, हे काळोखात बाबांना दिसलंच नव्हतं.

"हा बटाटा आहे, बाबा. याला किती युनिट इन्सुलिन द्यायचं?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मी बटाटा बाबांच्याच पाण्यात गार होईपर्यंत बुडवला, पुसून परत ठेवला. वलयं शांत.

"बरा झाला हो!" एक म्हातारा ओरडला. "आता याची भाजी करू नका!"

"नास्तिक बाई!" बाबा कडाडले. "विश्वाची स्पंदनं—"

"स्पंदनं कसली? पेटी उघडा." बाबा पेटीला कवटाळून बसले, तेव्हा मीच वरचं कापड ओढलं. "दिवे लावा कुणीतरी. हे बघा. एक लेसर. ही अर्धपारदर्शक काच एका किरणाचे दोन करते. दोन आरसे त्यांना परत पाठवतात, ते एकमेकांत मिसळतात आणि वलयं उमटतात. याला इंटरफेरोमीटर म्हणतात. एका किरणाखाली गरम हात धरला की वर चढणारी ऊन हवा त्या किरणाची चाल किंचित बदलते आणि वलयं हलतात. हात गार, तर हवा स्वस्थ. याच तत्त्वावर डॉक्टर डोळ्याच्या पडद्याचे थर मोजतात, आम्ही दुर्बिणीचे आरसे तपासतो. यंत्र प्रामाणिक आहे. ते काय मोजतंय, हे सांगणारा लबाड आहे."

मावशी पुटपुटली, "पण ताईला बरं वाटलं होतं गं."

"वाटलं होतं, मावशी. रक्तदाब वाढलेला कळत नाही. तो दंडाला पट्टा बांधून मोजावा लागतो. साखर रक्ताच्या थेंबात मोजावी लागते. कुणी कितीही चमकदार यंत्र दाखवलं, तरी एवढं विचारायचंच: हे नेमकं काय मोजतं? उत्तर मिळेपर्यंत कुणालाही आपलं औषध बंद करू द्यायचं नाही. इन्सुलिन सोडलंस तर तूही जाशील."

"अशा जागी असं बोलू नये," बाबांचा शिष्य म्हणाला. "त्यांची वेळ भरली होती."

मी सभागृहाकडे वळले.

"माझ्या आईची वेळ भरली नव्हती. या माणसाने तिची गोळी बंद केली, म्हणून ती मेली."