उपकारस्तुतीला निवडलेलं वचन

आमच्या ख्रिस्ती मंडळीत लेकरू झालं, घर बांधलं, की उपकारस्तुती ठेवत्यात. पाळकसाहेब येतात, गानी हुतात, घरच्यांनी निवडलेलं बायबलातलं वचन वाचतात, मग चहा न् भजी. नातीच्या उपकारस्तुतीचं वचन मीच निवडलं. मोशेनं देवाची आज्ञा मोडली, म्हनून त्याला देवानं कबूल केलेल्या वचनदत्त देशात जाता आलं न्हाई, ते. असल्या आनंदाच्या दिवशी असलं वचन कोन निवडतं? मी निवडलं. गोरक्षाला चार लोकांत ऐकवायचं हुतं ना!

लेकच माझा. त्याला म्हनलं हुतं, बाबा, रेश्माला सातवा लागलाय, औंदा ऊसतोडीला जाऊ नगा. ऐकलं न्हाई. फडातच तिला कळा सुरू झाल्या. पोरगी अपुऱ्या दिवसांची, एवढीशी. दवाखान्यात काचेच्या पेटीत ठिवली. देवाचे लई उपकार, वाचली माझी बया! पन घरी आल्यापासून गोरक्षाशी मी एक शब्द बोलले न्हाई. त्योबी पोरीला हात लावायला बिचकायचा, उंबऱ्याशीच बसायचा. मनात म्हनलं, बस तसाच.

मला वाचता येत न्हाई, म्हनून सूनबाई वाचायला उभी ऱ्हायली. पोरगी माझ्या मांडीवर. रेश्मानं मी सांगितलेल्याच्या जरा आधीपासूनच सुरू केलं. मोशेसंगं रानातनं चाललेले लोक तहानेनं कासावीस झालेले. देव मोशेला म्हनाला, खडकाशी बोल, त्यो पानी देईल. पन मोशे चिडलेला. बोललाच न्हाई, काठीच हानली. तरी पानी आलं. मानसं प्याली, गुरं प्याली.

अगं बाई! लहानपनापासून ऐकतेय, पन मला नुसती शिक्षाच ध्यानात ऱ्हायली हुती. चूक मोशेची, पन तहानलेल्यांचं पानी देवानं तोडलं न्हाई. चूक गोरक्षाची, पन पोरगी माझ्या मांडीवर चुळबुळ करतीय. डोळे भरून आले माझे. आन् मग उमगलं. बोलायचं सोडून काठी हाननारी, ती तर मीच की!

"भीमाबाई," पाळकसाहेब म्हनाले, "या वचनावर काही बोलायचंय तुम्हाला?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. गोरक्षानं मान खाली घातली. आता काय ऐकावं लागनार, ते त्याला ठाऊक हुतं.

"गोरक्षा," म्हनलं मी. "तिथं काय बसलास लेकरा? ये इकडं. पोरीला घे."