पास ह्यांच्या नावाचा

मध्यभारत नावाचं एक राज्य होतं, आठेक वर्षं टिकलं, तेव्हाची ही गोष्ट. आमचे हे, म्हणजे श्रीधर पोतनीस, तेव्हा उज्जैनच्या एका सरकारी दफ्तरात कारकून होते. मी नवऱ्याचं नाव घेतलं म्हणून दचकू नका. आता माझं वय झालं, आणि त्या नावाखाली मी इतकं लिहिलंय की ते घ्यायचा हक्क माझाच जास्त आहे.

लिहायचे मी. दर शुक्रवारी गावात नवा सिनेमा लागला की त्याचा अभिप्राय, इंदूरच्या एका मराठी साप्ताहिकात. सिनेमाचं वेड मूळ माझ्या सासूबाईंचं, माईंचं. त्यांना एकटीला जायची सोय नाही, म्हणून सून बरोबर. टाकीजमध्ये मागच्या बाजूला जनाना वर्ग असायचा. दार वेगळं, बाक वेगळे, आणि पुढे जाडा पडदा. दिवे गेले की तिथली दरवाजेवाली पडदा सरकवायची आणि मध्यंतराचे दिवे लागायच्या आत पुन्हा ओढून घ्यायची. माई देव दिसला की हात जोडायच्या आणि नाच आला की मान खाली घालायच्या, डोळे मात्र वर. मी सगळं बघायचे. नटी खरी रडतेय का उगाच डोळे पुसतेय, गाणं कुठे जबरदस्ती घुसडलंय, दोघं भांडत असताना ते दोघं सोडून दिग्दर्शक आपल्याला खिडकी का दाखवतोय. घरी आलं की डाळ शिजेपर्यंत पाटावर बसून लिहून काढायचे.

आता ह्यांचं नाव त्यात कसं आलं ते ऐका. शनिवारी सकाळी हे देवास गेटला जाऊन इंदूरच्या बसवाल्याकडे पाकीट द्यायचे. आमच्या घरची रीत अशी की बाईमाणसाचं नाव पाकिटावर नको. ड्रायव्हर वाचणार, क्लीनर वाचणार, पानवाला वाचणार, आणि पोतनिसांच्या सुनेचं नाव साऱ्या बस अड्ड्याला पाठ होणार. मी माहेरी पत्र पाठवलं तरी पाठवणारा म्हणून ह्यांचंच नाव असायचं. पहिला लेख गेला तेव्हा आत खाली स्वतःचं नाव लिहायची मला लाज वाटली. म्हटलं, आधी पसंत तर पडू दे, मग बघू. संपादकांना पसंत पडला, त्यांनी पाकिटावरचं नाव उचललं आणि छापून मोकळे झाले.

मी ह्यांना म्हटलं, संपादकांना कळवा. हे म्हणाले, कळवतो. पुढच्या आठवड्यातही कळवतो म्हणाले. माणूस वाईट नव्हता हो. वाईट असता तर मला भांडता तरी आलं असतं! पण त्याच सुमाराला ह्यांच्या दफ्तरात नवे साहेब आले, होळकरांकडचे. आमचे हे शिंद्यांकडचे. दोन दरबारांचे कारकून एका सरकारात कोंबले होते, खुर्च्या कमी आणि बसणारे जास्त, रोज कोणाला तरी घरी बसवल्याची बातमी. आणि ह्या साहेबांना सिनेमाचा शौक, बोलणं हिंदी पण मराठी वाचता यायचं. एक दिवस त्यांनी ह्यांना बोलावून विचारलं, वो पोतनीस आप ही हैं क्या, जो फिल्मों पर लिखते हैं? हे हो म्हणाले. काय करतील बिचारे, तोंडातून निघून गेलं. त्या दिवसापासून साहेब ह्यांना चहाला बोलावू लागले आणि माझ्या गळ्याला फास बसला.

तीन वर्षं असं चाललं. घरात कधी वादावादी नाही, आरडाओरडा नाही. शुक्रवारी सिनेमा, शनिवारी पाकीट, सोमवारी साहेबांच्या खोलीत ह्यांची वाहवा. रविवारी मी ह्यांना शिकवून ठेवायचे, की साहेबांनी अमुक विचारलं तर तमुक सांगा. ह्यांना ते पाठसुद्धा नीट व्हायचं नाही. मला मनातून इतका संताप यायचा की पोळी तव्यावर फुगली तरी तिच्यावर उलथनं मारावंसं वाटायचं.

बावन्न साल उजाडलं आणि बातमी आली की मुंबईला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतोय. आपल्या देशात पहिल्यांदाच. इटलीचे, जपानचे, रशियाचे, कुठले कुठले सिनेमे, आणि तेही एका पाठोपाठ एक. माझी तर झोपच उडाली. उज्जैनला परदेशी सिनेमा म्हणजे घोडे आणि बंदुका, तोसुद्धा कापून कापून उरलेला. संपादकांनी साप्ताहिकातर्फे एक पास मिळवला आणि पाठवून दिला. पास अर्थातच श्रीधर पोतनीस ह्या नावाचा.

मी त्या दिवशी पहिल्यांदा हट्टाला पेटले. म्हटलं, आता तरी संपादकांना खरं सांगा, ते पास बदलून देतील. माझा भाऊ विनायक गिरगावात राहतो, त्याच्याकडे मी उतरेन. आठ दिवसांचा तर प्रश्न आहे. तुम्ही हवं तर मला पोचवायला चला. हे खाली मान घालून ऐकत होते. मग दार लोटून घेतलं आणि माझ्यासमोर पाटावर बसले.

“माणिक, पुढच्या महिन्यात आणखी माणसं कमी करणार आहेत. मला ठेवलंय ते काही माझं काम बघून नाही ठेवलं. साहेबांनी महोत्सवासाठी मला स्वतःहून सुट्टी दिलीय. आता त्यांना काय सांगू, की मी तीन वर्षं तुमच्याशी खोटं बोलत होतो?”

त्यांचे डोळे भरून आले होते. मला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचाच राग आला. मग मी म्हटलं, बरं, दोघं जाऊ, पास तुमचा, मी कसंही करून एखादा तरी सिनेमा बघेन. तर हे म्हणाले, सरकारी सुट्टीवर बायकोला मुंबई फिरवायला नेली असं दफ्तरात होईल.

शेवटचा दरवाजा म्हणून मी माईंकडे गेले. त्या तीळ निवडत होत्या. मला वाटलं, ह्या बाईच्या शेजारी बसून मी प्रत्येक सिनेमा बघितलाय, माईंना तरी कळेल. माईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, लिहितेस तू हे मला का माहीत नाही? पण नोकरी त्याची आहे, आणि नोकरी गेली तर शुक्रवारचा सिनेमाही गेला. वर म्हणाल्या, संक्रांतीचं हळदीकुंकू तोंडावर आलंय, बायकांना बोलावणी गेलीत, आणि घरची सून मुंबईला सिनेमे बघते म्हणून काय सांगू? त्यांचं चुकलं असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही. जिकडे जावं तिकडे शहाणपणाचीच भिंत, डोकं आपटून घ्यायचं तरी कुठे!

हळदीकुंकवाला अख्खी आळी जमली. शेजारची सुलू मोठी वात्रट. म्हणाली, एवढ्या नामांकित लेखकाची बायको, नाव घेतल्याशिवाय आम्ही वाण घेणार नाही. सगळ्या मागे लागल्या. नेहमीचं महादेवाच्या पिंडीचं चालणार नाही म्हणाल्या, सिनेमाचं पाहिजे, नवं पाहिजे. मी कुंकवाचा करंडा हातात धरून उभी होते. तिथल्या तिथे जुळवलं आणि म्हटलं:

“शुक्रवारी नवा खेळ, शनिवारी अभिप्राय,
श्रीधररावांच्या लेखणीपुढे इतरांचं चालतं काय!”

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू. सुलू म्हणाली, वहिनी, भावजींच्या संगतीने तुम्हालाही थोडं थोडं यायला लागलं की. मी हसले. हसत हसत सगळ्यांना तिळगूळ वाटला, आणि मग न्हाणीघरात जाऊन दार लावून घेतलं आणि तोंडात पदर कोंबून रडले.

हे मुंबईला गेले. ट्रंक मीच भरली. गाडीत बसेपर्यंत बजावत होते, की प्रत्येक सिनेमाचा शेवट नीट बघा, बायका काय करतात ते बघा, आणि अंधारात लिहिता आलं नाही तर बाहेर आल्या आल्या लिहा. हे प्रत्येक गोष्टीला हो म्हणाले. ते आठ दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. रोज दुपारी वाटायचं, आत्ता तिकडे दिवे गेले असतील.

हे परत आले ते हलव्याचा डबा घेऊन, चांगले ताजेतवाने. मी पाण्याचा तांब्याही नीट हातात दिला नाही, आधी समोर बसवलं आणि म्हटलं, सांगा. तर हे सांगायला लागले, की थिएटर काय होतं, गाद्या कसल्या होत्या, आत कसा गारवा होता, कोणकोण नटनट्या दिसल्या. सिनेमांचं विचारलं तर म्हणाले, खाली इंग्रजी अक्षरं यायची, ती वाचेपर्यंत पुढची यायची, मग डोळा लागायचा. एक सिनेमा त्यांना बऱ्यापैकी आठवत होता. समुद्रकाठचं गाव, कोळी, वादळ, एक होडी परत येत नाही. मी जीव कानात आणून ऐकत होते.

“शेवटी ती काय करते?” मी विचारलं.

“कोण?”

“त्या कोळ्याची बायको.”

हे विचारात पडले. म्हणाले, “बायको होती का त्यात? हां, होती. चुलीपाशी काहीतरी करत होती.”

माझ्या डोक्यात काय गेलं कोण जाणे. मी उठले, स्वयंपाक तसाच टाकला आणि लिहायला बसले. ह्यांच्याच तोंडून लिहिलं. लिहिलं की मी श्रीधर पोतनीस महोत्सवाला गेलो आणि गादीवर झोपलो. जिला जायचं होतं ती इकडे तिळाचे लाडू वळत होती. गेली तीन वर्षं ह्या सदरातलं एक अक्षर माझं नाही, मला सिनेमातलं ओ की ठो कळत नाही. सगळं माझ्या बायकोने लिहिलं, आणि तिचं नाव माणिक. पाकिटात घातलं, चिकटवलं आणि ह्यांच्या हातात दिलं. हे कधीच वाचायचे नाहीत, त्या दिवशीही वाचलं नाही. देवास गेटला जाऊन बसवाल्याकडे देऊन आले.

मग मात्र मी भानावर आले. नोकरी जाणार, हे मला घराबाहेर काढणार, माई तोंड बघणार नाहीत, सगळं डोळ्यांपुढे दिसत होतं. राम घाटावर जाऊन बसले, पण तिथेही चैन पडेना. भीती वाटत होती, पण खोटं कशाला बोलू, आतून थोडं हलकंही वाटत होतं. काही का होईना, हा फास एकदाचा तुटणार होता.

अंक आला त्या दिवशी हे दफ्तरातून लवकर घरी आले. चेहरा लाल. मी दाराशीच उभी राहिले. ह्यांच्या हातात मिठाईचा पुडा होता. साहेबांनी सगळ्या दफ्तराला लेख मोठ्याने वाचून दाखवला होता. हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं. म्हणाले, पोतनीस, आप तो हास्य के भी उस्ताद निकले, और इतनी विनम्रता, सारा श्रेय पत्नी को! आपल्या बाईसाहेबांनाही दाखवायला त्यांनी अंक घरी नेला. संपादकांचा निरोप आला, की असं विनोदी दर आठवड्याला येऊ द्या.

संध्याकाळी आळीतल्या बायका आल्या. सुलू माझा हात धरून म्हणाली, वहिनी, किती हो प्रेम करतात भावजी, तुमचं नाव छापून आणलं! आमच्याकडे तर आम्हाला ‘अगं’शिवाय हाक नाही. मी तिला म्हटलं, सुलू, ते सगळं मी लिहिलंय, अगदी खरं सांगते. ती हसत सुटली. म्हणाली, तुम्ही दोघंही एकसारखे गमत्ये.

सगळ्या गेल्यावर हे माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, वाचलं तेव्हा वाटलं, आता संपलं.

“त्यातला शब्द न् शब्द खरा आहे,” मी म्हटलं.

“मला माहीत आहे. पण आता तू कोणालाही सांग, कोणी मानायचं नाही.”

हे त्यांनी धमकी म्हणून म्हटलं नाही, एवढं ध्यानात घ्या. बिचारे माझी समजूत घालत होते.