डोळ्यातले सोयरे

मयूरीच्या डाव्या डोळ्यात आधी खापरपणजोबा राहायला आले, फेट्यासकट. चार दिवसांनी त्यांच्या दोन सुना आल्या, त्या येताना जातं घेऊनच. डोळ्याच्या पांढऱ्या भागात तांबड्या रेघा उमटल्या होत्या. त्या वाटांनी ही माणसं चालत येत.

दुसऱ्या पोरांच्या डोळ्यात कुसळ गेलं तर डोळा त्याला तासाभरात हाकलून देतो. मयूरीचा डोळा कुणालाच नाही म्हणत नव्हता. पोर अकरा वर्षांची. चालताना झोकांड्या जायच्या, पावसाळ्यात आलेला खोकला उन्हाळ्यापर्यंत मुक्काम ठोकायचा. आता फळ्यावरचं वाचायला ती मान तिरकी करून माणसांच्या मधल्या फटीतून बघायची.

"डोळं आल्यात," हौसाआत्या म्हणाली. "जातील."

हौसाआत्या ही शालनची, म्हणजे मयूरीच्या आईची, सख्खी आत्या आणि सासूही. माहेर आणि सासर एकाच चुलीचं, त्यामुळं शालनला रुसून जायलाही दुसरं घर नव्हतं. आत्यानं मीठ-मोहऱ्या ओवाळून निखाऱ्यावर टाकल्या, तर धुराबरोबर आणखी एक चुलता आत शिरला. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. इथं तर व्याहीही घरचाच.

तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी मयूरीची हनुवटी यंत्रावर टेकवली आणि बराच वेळ आत पाहिलं.

"गर्दी आहे," त्या म्हणाल्या. "हिच्या अंगात जन्मापासून राखणदारच नाही. हे दुखणं आई आणि बाप, दोघांच्याही रक्तातून यावं लागतं. नात्यातलं लग्न का?"

"नात्यातलं कशाचं? घरातलंच," आत्या म्हणाली. "मामाची पोरगी भाच्याला. आमच्यात परक्याला देत न्हाईत."

"पूर्वी घरात कुणाला होतं?"

"कुणाला न्हाई."

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा यंत्राला डोळा लावला. "आतले बरेच जण हात वर करतायत," त्या म्हणाल्या.

चिठ्ठीवर थेंबांचं औषध होतं आणि खाली लिहिलं होतं, घरच्या माणसानं एकेकाला नावानं हाक मारून बाहेर बोलवावं. डावा भरला की उजव्यात जातील.

शालननं पोरीला उंबऱ्यावर बसवलं. सासरच्या थोरांचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं, पण ते माहेरचेही होते, म्हणून चाललं. खापरपणजोबा कुरकुरत उतरले. सुनांनी जातं उचललं. चुलताही गेला. एकेक जण थेंब होऊन गालावरून ओघळला आणि शालननं पदरानं टिपला. डोळ्यातलं पांढरं दिसायला लागलं तेव्हा तिला इतका आनंद झाला, की तिनं पोरीचे मुके घेतले.

"दोघं राहिलेत," मयूरी म्हणाली. "माझ्याएवढे आहेत. उठायला गेले की पडतात."

"नावं विचार त्यांना."

"म्हणतात, आमच्या आईला ठाऊक आहेत."

हौसाआत्या तिथंच शेंगा फोडत होती. तिचा हात थांबला नाही. शालननं विचारलं, मग हात जोडले, मग तिच्या पायावर डोकं ठेवलं.

"मला एकच ल्योक," आत्या म्हणाली. "तुझा नवरा. गुरुवारी संग्रामची सुपारी हाय. शुभकार्याच्या तोंडावर असलं काढत न्हाईत."

संग्राम मयूरीचा मोठा भाऊ. मुलगी शालनच्याच भावाची.

गुरुवारी दुपारी माणसं जमली. त्या दिवशी घराला बाहेर नव्हतं. शालन दोनदा उठून परसदारातून गेली आणि दोन्ही वेळा पुढच्या दारानं त्याच बैठकीत आली. तिचा भाऊ पान लावत होता. आत्याच्या हातात अडकित्ता होता.

"अप्पा," शालन भावाला म्हणाली, "ही सोयरीक..."

आत्यानं तिच्या तोंडात पेढा घातला. शालननं तो चावला, गिळला आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. आपल्या तोंडावर कुणीतरी थुंकावं, असं तिला वाटलं. कुणी थुंकलं नाही, उलट दुसरा पेढा आला.

सुपारी फुटली. मयूरीनं उजव्या डोळ्यावर हात धरला.

"आई, ह्या डोळ्यात एक बाळ आलंय."

"कुणाचं?"

"दादाचं."

शालननं तिला ओढत उंबऱ्यावर नेलं, हनुवटी वर केली. तांबड्या वाटेच्या टोकाशी ते बसलं होतं, ओलं, हातानं भोवतालचं चाचपडत. शालननं हाक मारायला तोंड उघडलं. त्याचं नाव अजून ठेवलेलं नव्हतं.